अधिकाऱ्यांचे हार्दिक स्वागत

आमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, पडदे आहेत आणि फटींवर चिकटवलेली जाड खाकी पट्टी आहे. पट्टी लावली की खिडकी उघडत नाही, आणि ती उघडू नये म्हणूनच पट्टी लावायची. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या निवासी विभागात आम्ही घर घेतलं, तेव्हा दलालाने 'हवेशीर' हा शब्द इतक्या वेळा वापरला होता की मला हसू आलं होतं. हवा आहे, नाही असं नाही. फक्त ती रस्त्यापलीकडच्या रसायनांच्या कारखान्यावरून येते.

वास रोज वेगळा. कधी कुजक्या कोबीचा, कधी जळक्या रबराचा, आणि कधी गोडसर, अति पिकलेल्या केळ्यांसारखा. मला भीती वाटते ती त्या गोड वासाची. तो आला की ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धाप लागते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून ते खुर्चीचे हात घट्ट धरतात आणि मी श्वासाचा पंप शोधायला धावते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही हवा तरी बदला, नाहीतर जागा बदला. हे निवृत्त सरकारी नोकर. अर्ज केला की काम होतं, उशिरा होतं पण होतं, या श्रद्धेवर आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, "मी का जाऊ? मी काय गुन्हा केलाय? हवाच बदलू."

तर हवा बदलण्यासाठी आमच्या सोसायट्यांची समिती स्थापन झाली. मागण्या साध्या होत्या. धुराड्यातून हवं तेव्हा हवं ते सोडायचं नाही. आत कसली पिंपं साठवली आहेत याचा फलक गेटवर लावायचा. काही बिघडलं तर भोंगा वाजवायचा, म्हणजे निदान माणसं पळतील तरी. ही शेवटची मागणी ह्यांची. मागे वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आमच्या हॉलची काच फुटून ह्यांच्या खुर्चीत पडली होती. हे दाढी करत होते म्हणून वाचले.

समितीत सगळे शिकलेले. डोंबिवलीत शिकलेल्या माणसांना तोटा नाही, त्याचाच मला अलीकडे राग येतो. निवेदनाचा मसुदा करायला तीन बैठका, त्यातली एक 'आपला नम्र' लिहायचं की 'आपला विश्वासू' यावर. पलीकडच्या गावातले एक आगरी दादा तेवढे वेगळे. त्यांच्या वडिलांची भातशेती वसाहतीत गेलेली. ते मागे बसून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "नम्र कशाला? तो काय तुमचा जावाय हाय?" सगळे हसायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे. दादाही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्यांच्या गाळ्यात त्याच कारखान्याची पिंपं भाड्याने होती. मी तोंडावर विचारलं तर म्हणाले, "ताई, जमीन गेली, आता गाळा पन रिकामा ठेवू?"

अर्जांमागून अर्ज गेले आणि एकदाचं प्रदूषण खात्याचं उत्तर आलं. अधिकारी स्वतः पाहणीला येणार. फक्त समितीला कळवलं होतं, कारखान्याला नाही. ह्यांना किती आनंद झाला सांगू! त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त खाल्ले. मला म्हणाले, "बघितलंस? चिकाटी लागते."

आणि मग आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू शकतात. आमच्याकडे कोणीही आलं, रांगोळी स्पर्धेचा परीक्षक असो की नगरसेवक, त्याचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन. तसा याही माणसाचा ठरला. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर चांगला लांबरुंद फलक चढला: 'प्रदूषण नियंत्रण अधिकाऱ्यांचे हार्दिक स्वागत'. गेट कारखान्याच्या बरोबर समोर. कारखान्याचा वॉचमन बिडी ओढत तो फलक अक्षर न् अक्षर वाचत होता, हे मी बाल्कनीतून पाहिलं. खाली जाऊन म्हटलं, अहो, हे काढा. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला.

तरीही सकाळी वास होता. चांगला सणसणीत, गोड. मला वाटलं, देव आहे. ह्यांनी पंप खिशात टाकला आणि इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले. अधिकाऱ्याची गाडी आली. मी जिन्यातच ह्यांना गाठलं. "आधी त्याला कारखान्याच्या गेटवर न्या. मग काय खायला घालायचं ते घाला."

"अगं, दारात आलेल्या माणसाला चहापाणी न विचारता कामाला जुंपायचं? बरं दिसेल का ते?"

दादा तिथेच उभे होते. म्हणाले, "सायेब, तो नाक घेऊन आलाय. आधी त्याचं नाक वापरा, तोंड मागनं."

ऐकतंय कोण! अधिकारी आमच्याच हॉलमध्ये बसला. प्रास्ताविक झालं, त्यात डोंबिवलीची सांस्कृतिक परंपरा आली. शाल झाली. कांदेपोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर, मग चहा, मग एका काकांची पर्यावरणावरची स्वरचित कविता. मी बाल्कनीच्या दारात उभी होते. वास आधी पातळ झाला. मग अधूनमधून यायला लागला. आभारप्रदर्शन सुरू झालं तेव्हा हवा इतकी स्वच्छ होती की मला घरातल्या उदबत्तीचा वास आला. त्या क्षणी मला त्या पोह्यांच्या पातेल्याला लाथ मारावीशी वाटली.

अधिकारी भला माणूस होता. रस्ता ओलांडून गेला, धुराड्याकडे पाहिलं, दोन-तीनदा खोल श्वास घेतला. म्हणाला, "मला तर काही जाणवत नाही. पण पोहे अप्रतिम." पुढे अहवाल आला, त्यात पोह्यांचा उल्लेख नव्हता. वास आढळला नाही, एवढंच होतं.

हे त्यानंतर भांडले नाहीत. अर्ज लिहायला बसायचे आणि तसेच बसून राहायचे. त्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "नाशिकला आपला धाकटा बोलावतोय. जाऊया." मला त्यांना सांगायचं होतं, पोहे थांबवले असते तर. ज्याला श्वास पुरत नाही त्याच्याशी काय भांडायचं? पण राग गेला नाही. तो त्या कारखान्यावर आहे, त्या नाकवाल्या साहेबावर आहे आणि आमच्या शालींवर तर सगळ्यात जास्त आहे.

घर विकायला काढलं. दलाल म्हणाला, गिऱ्हाईक शुक्रवारीच आणतो, कारखान्यांना सुट्टी असते. परवाच्या शुक्रवारी दिवा स्टेशनजवळून एक जोडपं आलं. मुलगी पोटुशी, सातवा-आठवा असेल. भिंतींवरून हात फिरवत, नळ उघडून बघत फिरत होती. दलाल हवेशीरपणाचं सांगत होता, तोच शब्द. मला राहवलं नाही. खिडकीची पट्टी टराटरा ओढून काढली आणि म्हटलं, "बाळ, आज सुट्टी आहे म्हणून हे असं आहे. एरवी इथे विष येतं. ह्यांची फुप्फुसं त्याने गेली. तू हे घर घेऊ नकोस."

दलालाने कपाळाला हात लावला. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग परत नळाकडे. नळाला धो धो पाणी होतं.

"काकू, दिव्याला टँकर आला की मी या अवस्थेत हंडे घेऊन जिने चढते," ती म्हणाली. "वासाचं काय, खिडकी लावून घेऊ."

आतल्या खोलीतून ह्यांची खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबायची आम्ही सगळेच वाट बघत उभे राहिलो. मग धापा टाकत, एकेक शब्द वेगळा करत, ह्यांचा आवाज आला.

"अगं, कोण आलंय? त्यांना... पोहे... विचारलेस का?"