सहावी फ्लॉपी

विद्यार्थ्याने फ्लॉपी पुढे केली की सर आधी कॉम्प्युटरच्या फटीवर तळहात ठेवायचे. दार अडवून उभं राहावं तसा. मग बसलेल्या घशातून विचारायचे, "ही कुठून आली?"

"मित्राची आहे, सर."

"मित्राकडे कुठून आली?"

"त्याच्या मित्राकडून."

"म्हणजे हिला आईबाप नाहीत," असं म्हणून ते हात काढायचे आणि फ्लॉपी परत द्यायचे. काळी, पातळ, वाकणारी पाच इंचाची वस्तू ती. सर तिला दोन बोटांत असं धरायचे, जणू चावेल.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. कर्जतला स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचा क्लास होता. खाली जोंधळा दळायला पडला की वर टेबलं थरथरायची. दोन कॉम्प्युटर, आठ टाइपरायटर आणि मी. नातवंडांना मी ऐटीत सांगते की आजी कॉम्प्युटर क्लासमध्ये होती. खरं म्हणजे आजी टायपिंग शिकवायची, कॉम्प्युटरवरचं पीठ पुसायची आणि कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडायची. उंच टाचांच्या चपला घालून चिखलातून यायची ते वेगळंच. रुबाब मात्र असा, की ती यंत्रं माझ्या माहेरून आली आहेत.

सरांचं नाव सांगत नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, त्याचा चेहरा लावून घ्या. सर आधी एका केमिकल कारखान्यात होते. वायूच्या खात्यात नेमापेक्षा जास्त दिवस काम पडलं आणि घसा कायमचा गेला. शिकवताना तिसऱ्या बाकावर आवाज पोचायचा नाही. त्यामुळे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला वाटायचं, पोरं घाबरतात.

घाबरत कसली! एकदा एक पोरगा उभा राहून म्हणाला, "सर, चोरून कॉपी केलेली नको म्हनता, पन खरी फ्लॉपी घ्यायची तर आमची म्हैस विकायला लागंल. आन ती मिळते मुंबईत. कर्जतात कोन विकतो?"

दुसरा म्हणाला, "आन म्हशीला दूध तरी हाय, सर."

वर्ग हसला. सरही हसले. "तुझं खरं आहे," ते म्हणाले. "तुला परवडत नाही, जवळ दुकान नाही, आणि ज्यानं बनवली तो तुला कधी दिसत नाही. मी दिसतो ना? मग माझं बनवलेलं फुकट ने. पण नाव सांगून ने. कुठे वापरणार ते सांगून ने."

त्यासाठी त्यांनी वहीसुद्धा ठेवली होती. फुकट वस्तूसाठी नाव कशाला लिहायचं, हे कुणालाच कळेना. मलाही नाही. वही कोरीच राहिली.

सर तेव्हा एक प्रोग्राम लिहीत होते. वायूच्या खात्यात कामगाराला ठरावीक दिवसच ठेवायचं असतं, मग मोकळ्या हवेतल्या कामावर पाठवायचं. कुणाचे किती दिवस झाले आणि कुणाला कधी हलवायचं, हे तो प्रोग्राम सांगायचा. सर त्यावर वर्षभर बसले होते. का, ते तुम्हाला कळलंच असेल. कुणी मागितला की म्हणायचे, "अजून कच्चा आहे. थांब."

माझा धाकटा भाऊ थांबायला तयार नव्हता. डिप्लोमा झालेला, दोन वर्षं घरी बसलेला. मोहोपाड्याकडच्या एका कारखान्यातून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं.

"आक्का, नाय म्हनू नको," तो म्हणाला. "तिथं सगळे सर्टिफिकेट घेऊन येनार. मी प्रोग्राम घेऊन गेलो तर?"

"सरांना विचार ना."

"इचारलं तर नाव लिवतील. मग तो माजा कसा म्हनू?"

सर पोस्टात गेले होते. मी कपाट उघडलं. कॉपी व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कपाटातलं काही कमी झालं नाही, मग चोरी कसली, असं मी स्वतःला सांगितलं. भावाला नोकरी लागली. बातमी फुटली आणि आणखी पाच पोरं आली, "ताई, आमालाबी." पाचहीजणांना दिली. अन्नपूर्णेचा अवतारच म्हणा ना मी, फक्त वाढत होते दुसऱ्याच्या घरचं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मी पायऱ्या चढून वर आले तर सर कॉम्प्युटरसमोर नुसते बसलेले. चेहरा गिरणीतून काढल्यासारखा पांढरा.

"चूक सापडली," ते म्हणाले. "माणूस मधे एक दिवस जरी रजेवर गेला, तरी त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तीस दिवस भरलेल्याला हा प्रोग्राम नवा माणूस समजतो आणि परत आत पाठवतो." मग स्वतःशीच म्हणाले, "बरं झालं, कुणाला दिला नाही."

खाली गिरणी चालू होती. टेबल थरथरत होतं. मी त्याला हात लावून उभी राहिले.

"सर, पाच पोरांना दिलाय."

मी पाचच म्हणाले. सहावा भाऊ होता, त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

मला वाटलं, ओरडतील. पण ओरडायला घसा कुठे होता? ते एवढंच म्हणाले, "नाव लिहून नेलं असतं तर आज पत्र टाकलं असतं. आता कुठे शोधू?"

मी पाचही पोरांची गावं सांगितली. मग ते निघाले. पिशवीत दुरुस्त केलेल्या पाच फ्लॉप्या घेऊन, एसटीने, गावोगाव. आणि इथे आमच्या लोकांनी काय करावं? सर पकडायला आलेत असं समजून पोरं लपली. नेरळला एकाची आई दारात उभी राहून म्हणाली, "तो माथेरानला गेलाय." पोटमाळ्यावरून तिच्या लेकाचे पाय लोंबत होते. एकानं फ्लॉपी तांदळाच्या कणगीत पुरली होती. खालापूरच्या पोरानं तर ती विहिरीत टाकली आणि देवाची शपथ घेऊन सांगितलं की आपण कॉम्प्युटर कधी पाहिलाच नाही. दोन वर्षं तो माझ्यासमोरच्या बाकावर बसत होता!

सर प्रत्येकाला सांगत, "अरे, मी पोलीस नाही. जुनी दे, ही चांगली घे." दहा दिवसांत पाचही घरं झाली. एकानंही ती अजून कुठे वापरली नव्हती.

"संपलं म्हणायचं, ताई," सर पिशवी ठेवत म्हणाले.

"हो, सर," मी म्हणाले.

त्या रविवारी भाऊ पेढे घेऊन आला. "आक्का, सायेब खूश हाय माज्यावर. वायूच्या खात्यात मानसं बदलायची कटकटच कमी झाली. जुनीच मानसं चालतात म्हनतो कॉम्प्युटर."

पेढा माझ्या तोंडात होता. हातातला अर्धा मी पुन्हा पुडक्यात ठेवला. मी भावाला चूक सांगितली. तो म्हणाला, "आता बोललो तर म्हनतील, तू लिवलास ना, मग दुरुस्त कर. मला येतंय का ते? जरा पक्का होऊ दे मला."

मीही जरा थांबले. एक आठवडा. त्या वयात आठवडा म्हणजे काही नाही वाटतं. आत उभ्या असलेल्या माणसाला तो केवढा असतो, हे माझ्या रुबाबदार डोक्यात आलं नाही. आलं असेलही. मी ते बाजूला सारलं.

शेवटी सांगितलं. सरांनी विचारलं एवढंच, "गाडी किती वाजता आहे?"

चौक गावाला एसटी बदलून आम्ही दोघं मोहोपाड्याला गेलो. गेटवरून निरोप धाडला. भाऊ बाहेर आला. सरांच्या हातातली फ्लॉपी त्यानं पाहिली.

वॉचमन म्हणाला, "हे म्हनतात, तुमच्या प्रोग्राममधी चूक हाय."

"मी यांना ओळखत नाय," भाऊ म्हणाला.

"आन या बाई?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. "बहीन हाय. आक्का, घरी जा." आणि आत गेला.

साहेबाला भेटू द्यायला वॉचमन तयार होईना. तेवढ्यात भोंगा झाला, पाळी सुटली. सर गेटच्या बाजूला उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला थांबवायला लागले. कामगारांना वाटलं, युनियनचा माणूस आहे, नाहीतर विम्याचा. बरेच सायकल न थांबवता गेले. एक पन्नाशीचा माणूस थांबला.

"वायूच्या खात्यात ना? मधे रजा घेतली होतीत?"

"दोन दिस घेतली. पोरीचा साखरपुडा होता."

"आणि परत तिथेच?"

"हां. बदली आली नाय या टायमाला. कॉम्प्युटरवर सगळं बरोबर हाय म्हने."

"खोकला?"

"हाय थोडा." तो हसला. "थंडीचा असंल."

सरांनी त्याला हाताला धरून दगडावर बसवलं.

मी संध्याकाळच्या गाडीने परतले, सर राहिले. गाडीच्या खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा दहाबारा कामगार त्यांच्याभोवती वाकून, कान पुढे करून ऐकत होते. त्यानंतर सर मला दिसले नाहीत. क्लासवर परत आलेच नाहीत. गेटवर रोज पाळी सुटताना एक माणूस उभा असतो, एवढं ऐकू यायचं. महिन्याभरात कामगारांनीच गोंधळ घातला आणि बदल्या पुन्हा हाताने, कागदावर सुरू झाल्या.

पुढच्या वर्षी मला एक पोस्टकार्ड आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता, पण अक्षर ओळखीचं होतं. "साखरपुडा झालेल्या त्या मुलीचं लग्न वडील गेल्यामुळे वर्षभर पुढे ढकललं आहे. मी लग्नाला जाणार आहे."

मी ते कार्ड भावाला दिलं. तोवर तो पक्का झाला होता. त्यानं वाचलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "कुठली मुलगी?"