चौकटीचा हार

उदगीरच्या बाजारातलं गुरुबसप्पा फुलाऱ्यांचं दुकान किती जुनं, हे त्यांना विचारू नये. विचारलं की अप्पा आपल्या आजोबांपासून सुरुवात करतात आणि तुमची बस निघून जाते. चौथ्या पिढीत मात्र गाडं अडलं. मुलगा उमाशंकर देवणीला मास्तर झाला. त्याला फुलांच्या वासानं शिंका येतात. इकडं अप्पांच्या बोटांना कंप सुटला. तेव्हा दुकानात येऊन बसली ती सून, बिलोलीची उज्वला.

बाजार हसला. अप्पाही मनातून धास्तावले होतेच, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच! सुईदोरा तिच्या हाती दिला आणि स्वतः शेजारी पाट मांडून बसले. दोन वर्षांत उज्वलाला झेंडू-शेवंतीची गुंफण, लग्नघरांची घाई, गिऱ्हाइकांची घासाघीस सगळं अंगवळणी पडलं. शिवरात्रीचा चौकटीचा हार तेवढा अप्पांनी कुणाला शिवू दिला नव्हता. महादेवाच्या गाभाऱ्याच्या दाराला, एका बाजूच्या उंबऱ्यापासून वर चढून दुसऱ्या बाजूच्या उंबऱ्यापर्यंत उतरणारा, नऊ हातांचा. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. टेप लावून फुलं मोजणाऱ्याला अप्पा फुलारी मानतच नाहीत.

यंदा अप्पांच्यानं सुई धरवेना. हार उज्वलाकडं आला. हा जमला तर दुकान तिचं, हे कुणी बोललं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं.

पहाटेपासून बसून तिनं पांढरी शेवंती आणि बेल गुंफला. नऊ हात भरले, वर चार बोटं जास्तच सोडली, आणि सासऱ्याला घेऊन ती देवळात गेली. पुजारी मलप्पांनी शिडीवर चढून हार बांधला. डावीकडं तो उंबऱ्याला टेकला. उजवीकडं मांडीएवढ्या उंचीवरच थांबला.

दर्शनाला आलेल्या बायकांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. उज्वलाचा चेहरा उतरला.

"अप्पा, मी दोनदा मोजला वो. नऊच हात हाय."

"तुमच्या दुकानाचा हार आजवर कधी कमी पडला न्हाई," मलप्पा शिडीवरूनच म्हणाले.

अप्पांनी सुनेचा हात हाती घेतला, कोपराला कोपर लावून आपल्या हाताशेजारी धरला. जिथं त्यांची बोटं सुरू होत होती, तिथं तिची संपत होती.

म्हाताऱ्यानं सुनेला फुलांची जात शिकवली, दोऱ्याचा ताण शिकवला, नऊचा आकडा घोकून घेतला. ते नऊ हात कुणाचे, एवढं सांगायचं राहिलं. त्यांच्या स्वतःच्याच कधी ध्यानात आलं नव्हतं! अप्पा पोट धरून हसले.

"चूक माझी हाय, पोरी. बस, वाढव."

ती तिथंच पायरीवर बसली. मघाशी हसलेली बाईच फुलं निवडू लागली. थरथरत्या बोटांनी अप्पा एकेक बेलपान पुढं करत राहिले. दोन हात वाढले आणि हार दोन्हीकडं उंबऱ्याला टेकला. उज्वलाला लई हलकं वाटलं.

शिडी उचलता उचलता मलप्पांनी विचारलं, "पुढल्या साली किती सांगू मग? नऊच का?"

"नऊ माझ्या हातानं व्हते," अप्पा म्हणाले. "आता दुकानात माप हिच्या हाताचं. अकरा सांग."