स्पिरिटने पुसलेलं कार्ट्रिज

स्पिरिटचा वास आला की मला आमच्या कात्रपच्या घरातला प्रिंटर आठवतो. आई तेव्हा अंबरनाथच्या एका दवाखान्यात नर्स होती. सकाळी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचं होतं आणि नेमकी शाई संपली, म्हणून मी उल्हासनगरहून शाईची बाटली आणि सिरिंज घेऊन आलो. मी शाई टेबलावर सांडतोय हे बघून ड्युटीवरून आलेल्या आईने सिरिंज स्वतःकडे घेतली. आधी कार्ट्रिज स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, टिचकी मारून सिरिंजमधली हवा काढली, शाई अगदी हळू सोडली आणि वर कापूस दाबून धरला. तरी स्क्रीनवर ‘शाई संपली आहे, तरीही छापायचं का?’ हेच येत राहिलं. "कार्ट्रिजवरच्या चिपला शाई भरलेली कळतच नाही. ओके दाबलं आणि प्रिंटर बिघडला तर?" मी रडकुंडीला आलो होतो. आईने कार्ट्रिज काढून तळहातावर तोललं आणि परत बसवलं. "चांगलं जड लागतंय. मशीन काही दाखवू दे, आपण पेशंटकडे बघायचं," म्हणत तिनेच ओके दाबलं. पानं काळीभोर निघाली. आज हॉस्पिटलात तिच्याच उशाशी मॉनिटर वाजायला लागला की मी आधी तिचा हात हातात घेतो. ती हलकेच बोटं दाबते.