पाटीकाकांचा गुडघा

राजधानीत कोणी खुर्चीवरून उठलं की इकडे पाटीकाकांना शिडीवर चढावं लागे. परदेशी पैसे बदलून देणाऱ्या त्या चिंचोळ्या दुकानात भावाच्या पाटीवरचे पत्र्याचे आकडे बदलणं, हे त्यांचं काम. थोरल्या मालकांनी घालून दिलेला नियम एकच: पाटीवर असेल तोच भाव, मग आभाळ कोसळो. आता गल्ल्यावर त्यांची मुलगी बसायची, पण नियम तोच होता.

काका आकडे उजवीकडून बदलत. का, तर म्हणे हाताला सवय. आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "हे आपले पुढारी! भांडतात तिकडे, गुडघे माझे दुखतात."

त्या दिवशी सकाळीच सरकार पडलं. पुढे कोणाचं येणार, कोणालाच ठाऊक नाही. मग काय, बाजाराचं धाबं दणाणलं आणि जो तो डॉलर घेऊन ठेवायला धावला. पाटीवर ३९.८ होतं. खिडकीशी एक बाई उभी होती. लेकीला परदेशी कॉलेजात जागा मिळालेली, फी भरायचा आज शेवटचा दिवस. कालच्या साडेएकोणचाळीसच्या हिशेबाने तिने पैसे आणलेले, ते आता कमी पडत होते. बिचारी पर्स पुन्हा पुन्हा उलटी करून बघत होती.

तेवढ्यात फोन ठेवून मालकीणबाई म्हणाल्या, "काका, एक्केचाळीस पूर्णांक दोन करा."

काका चढले. टोकाचा आठ काढून दोन लावला. पाटीवर ३९.२ झालं, आणि काका तिथेच थांबले.

"काय झालं?"

"गुडघा अडकला हो. हलेचना."

मालकीणबाईंनी पाटीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग त्या बाईकडे. काकांच्या मनात आलं, या वयात नोकरी गेली तर दुसरीकडे कोण विचारणार?

"ताई, पाटीवर आहे तोच भाव," मालकीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्यापुरताच. करा लवकर."

त्या बाईचे पैसे पुरले, वर थोडे उरलेसुद्धा. पावती हातात घट्ट धरून ती जवळजवळ पळतच गेली. मालकीणबाई गल्ल्यामागून उठल्या आणि त्यांनी स्वतः शिडी धरली.

"सुटला का गुडघा?"

"सुटल्यासारखा वाटतोय."

"मग बाकीचे आकडे लावा." काकांनी मुकाट्याने लावले. खाली उतरल्यावर मान खाली घालून म्हणाले, "फरक पगारातून कापा."

"बाबांनी कधी कापला होता?"

काका चपापले.

"जाताना सगळं सांगून गेलेत ते मला," शिडी भिंतीला लावत त्या म्हणाल्या. "म्हणाले, सरकार पडलं की त्याचा गुडघा अडकतो. तेव्हा शिडी धर, पडू देऊ नकोस त्याला."

काकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.