एकाच मापाचे इंजिन

आज जुन्या फायलीतून जळक्या तेलाचा डाग पडलेली एक तक्रार निघाली आणि नव्वदच्या दशकातील कर्वेनगरची ती दुपार आठवली. शेजारच्या गॅरेजमधील कर्कश आवाजाविरुद्ध मी ती लिहिली होती आणि पालिकेत देण्याआधी एक प्रत प्रतिपक्षाच्या हाती द्यावी म्हणून तिथे गेलो होतो. मेकॅनिक सुटे इंजिन पुढ्यात घेऊन खिन्न बसला होता. "काका, नंतर रागवा. गाड्यांची शर्यत जिंकलो, पण परीक्षकांनी बाद केलं. म्हणतात, एवढी ताकद म्हणजे इंजिन मोठं केलंय." मी कडाडलो, "केलेत का?" "आपणच मोजा ना!" सिलिंडरचा व्यास, पिस्टनची धाव, सारे त्याच मॉडेलच्या रस्त्यावरच्या गाडीइतकेच भरले. तो म्हणाला, "माप तेच, पण हे दुप्पट वेगानं फिरतं, जास्त हवा-पेट्रोल ओढतं आणि जास्त दाबून जाळतं. म्हणूनच दर शर्यतीनंतर खोलावं लागतं. आपली गाडी वर्षानुवर्षं चालते." "मग हे लेखी का दिलं नाहीत?" "लिहिणार कोण, काका?" माझ्याच तक्रारीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिथे बसून त्याच्या अपिलाचा मसुदा केला. अपिलामागून चार स्मरणपत्रे पाठवली. उत्तर एकाचेही आले नाही. शेवटी त्याने इंजिन विकले आणि गॅरेज बंद केले. आता तिथे संगणकाचा क्लास आहे, आणि पूर्ण शांतता. आयुष्यभर लिहिलेल्या तक्रारींपैकी ही एकच, मी कधीही न दिलेली, पूर्णपणे मंजूर झाली.