मला वेळ आहे

वॉर्डातले डॉक्टर तिला पाठीमागे वाघीण म्हणायचे आणि समोर आली की 'सिस्टर, सिस्टर' करत तिची मनधरणी करायचे. नाकावर माशी बसू द्यायची नाही ती. राउंडला आलेल्या एका बड्या डॉक्टरांनी म्हाताऱ्या बाईचं पांघरूण खसकन ओढलं, तेव्हा ते त्यांच्याच हातानं परत घालायला लावलं होतं हिनं. पण पेशंटपाशी हीच वाघीण मऊ व्हायची. तिची एक सवय होती. औषध दिलं, पट्टी बदलली, की निघण्याआधी पलंगाशेजारचं स्टूल ओढून त्यावर टेकायची आणि म्हणायची, "अजून काही हवंय का? मला वेळ आहे."

वेळ कुठला आलाय! पण बाई टेकलेली दिसायची, म्हणून पेशंटला खरं वाटायचं. कुणी पाणी मागे, कुणी उशी सरळ करून घेई, कुणी नुसतंच सुनेचं गाऱ्हाणं सांगे. मग त्या पलंगावरची बेल बराच वेळ वाजत नसे. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

पुस्तकं आली नंतर. पेशंट उचलून उचलून कंबर कामातून गेली आणि वॉर्ड सोडायची वेळ आली. घरी थोरली बहीण होती, अक्का. आई गेल्यापासून धाकटीला वाढवण्यातच तिचा जन्म गेला होता.

"कंबर गेली म्हणजे डोकं गेलं का तुझं?" अक्का म्हणाली. "शीक पुढे. घरातली काडी इकडची तिकडे करू नकोस, मी आहे."

आणि खरंच होती. कशीबशी ड्युटी करून आलेली धाकटी गरम पाण्यात पाय बुडवून वाचत बसायची. अक्का पुढ्यात ताट ठेवायची, निवलेलं पाणी बदलायची आणि आवाज न करता निघून जायची. स्वतःसाठी काही मागणं तिला जन्मात जमलं नाही. धाकटीला पदवी मिळाली तेव्हाही पेढ्याबिढ्याचं नाव न काढता तिनं फक्त विचारलं, "आता बसून काम ना?"

बसूनच होतं. वरच्या मजल्यावर खुर्ची, थंड हवा, नव्या सिस्टरांना ट्रेनिंग देण्याचं काम. खालच्या जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, "झाली, आता उंटावरून शेळ्या हाकणार!" तिला ते लागलं. म्हणून तिनं ठरवलं, आपल्याला जे चांगलं येत होतं तेच सगळ्यांना शिकवायचं. पेशंटजवळून निघताना प्रत्येकीनं ते वाक्य म्हणायचंच, असा नियम झाला. पहिल्या वर्गाला ती स्टूल घेऊन गेली होती.

मॅनेजर साहेब दारातून बघत होते. "वाक्य उत्तम आहे, मॅडम," ते म्हणाले. "स्टूल राहू द्या. सगळ्या बसायला लागल्या तर कामं कोण करणार?"

सगळंच हट्टानं मागितलं तर काहीच पदरात पडायचं नाही, असा विचार करून तिनं स्टूल सोडलं. वॉर्डातली स्टुलंही मग अडगळ म्हणून तळघरात गेली.

तक्रारी कमी झाल्या. बेल कमी वाजू लागल्या. साहेब खूश झाले, आणि खूश झालेला साहेब काय करतो? दर पाळीतून एकेक सिस्टर कमी करतो.

"बेल वाजतच नाहीत, तर एवढ्या जणी हव्यात कशाला?" बैठकीत ते म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "मॅडम, वॉर्ड तुम्ही पाहिलाय. जमेल ना?"

तिनं नाही म्हटलं असतं तर तिथेच अडलं असतं. पण बड्या डॉक्टरांना झापणारी वाघीण म्हणाली, "जमेल." तिची कुणी बाजू घेऊ नये. जमणार नाही हे तिथल्या सगळ्यांत तिलाच पक्कं ठाऊक होतं. पण खुर्ची मऊ होती, आणि पुन्हा खाली जायची तिला भीती वाटत होती.

पुढे अक्का स्वयंपाकघरात घसरली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि नेमकं वाघिणीच्याच जुन्या वॉर्डात तिला ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "छान चालायला लागतील. फक्त आता पुन्हा पडता कामा नयेत." धाकटी निर्धास्त होती. आपल्याच शिकवलेल्या पोरी, आपलाच वॉर्ड.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी अक्का पडली. बेल हाताशी असताना एकटीच बाथरूमला उठली आणि वाटेत कोसळली. जोडलेलं हाड पुन्हा मोडलं. आता चालण्याचं विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

चौकशी झाली. चौकशीतला पहिला प्रश्न काय असावा, हेही वाघिणीनंच ठरवून दिलेलं: सिस्टर ते वाक्य म्हणाली होती का? पलंगाच्या पायथ्याशी त्या पाळीची नवी सिस्टर रडून सुजलेल्या डोळ्यांनी उभी होती. साहेबांनी अक्कालाच विचारलं.

"म्हणाली की," अक्का म्हणाली. "फार गोड म्हणाली पोर."

"मग आजी, सांगितलं का नाही तिला?"

"तिचे पाय दाराकडे होते हो."

साहेबांना काही कळलं नाही. वाघिणीला कळलं, आणि तिला अक्काकडे बघवेना.

सिस्टरची चूक नाही, हॉस्पिटलची चूक नाही, पेशंटनं मदत मागितली नाही, असं ठरलं. बाहेर येऊन साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या वाक्यानं वाचवलं आपल्याला." आपलेच दात, आपलेच ओठ. नवी सिस्टर मागून धावत आली.

"मॅडम, अख्खी रांग माझ्या एकटीवर होती. वेळ नव्हता, तरी म्हटलं. ते वाक्य म्हटलं नाही तर काढून टाकतात."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. नियम तिचाच होता.

आता अक्का घरी, खिडकीजवळच्या पलंगावर असते. नोकरी सोडीन सोडीन म्हणत धाकटीनं सोडली नाही. दिवसा शेजारची बाई डोकावून जाते. सकाळचं सगळं धाकटी करते. पुसणं, कूस बदलणं, चादर बदलणं. जे सोडून ती वर गेली होती, ते सगळं दुखऱ्या कमरेनं पुन्हा करते.

परवा नव्या मुलींचा पहिला वर्ग होता आणि उशीर झाला होता. तिनं चपला सरकवल्या, पर्स खांद्याला लावली आणि उंबऱ्यातून वळून म्हणाली, "अक्का, अजून काही हवंय का? मला वेळ आहे."

सवयीनंच गेलं तोंडातून. अक्कानं मान जराशी उचलून तिच्या पायांकडे पाहिलं.

"काही नको गं," ती म्हणाली. "जा तू."