काउंटेसबाईंचं पान

समस्त बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इटलीतल्या एका पडक्या किल्ल्यात भटकणाऱ्या काउंटेसबाईंचं श्राद्ध यंदा सर्वपित्रीला इंग्लंडातल्या ब्रॅकनेल मुक्कामी, आमच्या गार्डनमध्ये घालण्यात आलं. दोष सर्वस्वी माझा आहे.

मला जुन्या इटालियन भुताटकीच्या सिनेमांचं वेड आहे. धुकं, करकरणारे दरवाजे, हातात मेणबत्त्या धरून जिना उतरणारी पांढरीफटक बाई, वारा नसताना हलणारे पडदे. माझ्याकडच्या डिस्क मूळ इटालियनमध्ये आहेत, सबटायटल्सशिवाय. मला त्या भाषेतलं पिझ्झाच्या पलीकडे काही येत नाही. पण घाबरायला भाषा लागते कुठे?

सासरे गेले आणि सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. बायको ऑफिसला, मी घरून काम करणारा. त्या दिवसभर खिडकीपाशी गप्प बसून असायच्या. एका दुपारी मी सिनेमा लावला, तर उठून सोफ्यावर आल्या.

"तुम्हाला कळतं हे सगळं?"

"थोडंफार. कंपनीच्या कामासाठी शिकलो होतो," मी ठोकून दिलं. आणि मग काय विचारता. काउंटेसचा आवाज नाजूक, म्हाताऱ्या नोकराचा घोगरा, संवाद सगळे माझ्या पदरचे. सासूबाई हसायला लागल्या, दुपारची वाट बघायला लागल्या.

"पण ही अशी का भटकते?" त्यांनी एकदा विचारलं. पडद्यावर काउंटेस तावातावाने काहीतरी सांगत होती.

"तिचं श्राद्ध कोणी केलं नाही, असं म्हणतेय," मी म्हणालो.

झालं. सर्वपित्रीला त्यांनी खीर, वडे, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला आणि गार्डनमध्ये दोन कागदी प्लेटा वाढून ठेवल्या. एक सासऱ्यांची, एक तिची. सासऱ्यांच्या प्लेटवर कावळा लगेच आला. काउंटेसच्या प्लेटकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"आई, तुम्ही शुगरची गोळी घेतलीय. दोन घास खाऊन घ्या."

"तिला उपाशी ठेवून मी जेवू?"

गोळी घेऊन अर्धा तास उलटून गेला होता. आईला वेळेवर जेवायला घाल, असं बायको सकाळीच बजावून गेली होती. मी खरं सांगितलं असतं, तर त्या लगेच जेवल्या असत्या. पण मग उद्याच्या दुपारी सोफा रिकामा आणि पुन्हा ती खिडकी. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी आपल्याकडची रीत आठवली. कावळा शिवत नसेल, तर गेलेल्या माणसाला मोठ्याने वचन द्यायचं, की तुमची राहिलेली इच्छा पुरी करू. स्लिपर अडकवून मी प्लेटसमोर उभा राहिलो. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण थबकली. मी हात जोडले.

"काउंटेसबाई, तुमच्या किल्ल्याची काळजी करू नका. तिथे रोज दिवा लागेल. निश्चिंत मनाने जेवा."

कावळा शेडच्या छपरावरून नुसता बघत राहिला.

मागून सासूबाई न राहवून म्हणाल्या, "अहो जावईबापू, तिला मराठी कुठे कळतंय? तिच्या भाषेत सांगा ना."